बिघाडाचे काही नाहीत

रविवारी सकाळी सव्वानऊला
मिक्सर मधेच गप्प झाला.
भांड्यात खोबरं अर्धवट, मिरची अख्खी,
आणि ओट्यावर एक वास,
जळका म्हणावा तर तसाही नाही.

कंपनीला फोन केला. बाई गोड बोलली.
नुसतं बघायला येण्याचे तीनशे नव्व्याण्णव, वर कर,
पार्टचे वेगळे, आणि माणूस मंगळवारी,
दहा ते सहाच्या दरम्यान कधीही.
म्हणजे एक रजा.
रजेची किंमत धरली, खोबऱ्याची धरली,
आणि म्हणालो, राहू दे, मी बघतो.

शलाका काही बोलली नाही.
खालच्या कपाटातून तिनं खलबत्ता काढला.

कन्नमवार नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत
मोकळी जमीन अशी नसतेच.
दाराशी पेपर अंथरला, मिक्सर उताणा घातला.
बुडाला लाल टिकलीएवढं काहीतरी होतं,
तेवढं सोडून बाकी सगळं पाहिलं.
मोबाईलवर लुधियानाचा कोणी शिकवत होता,
तोंड दिसत नव्हतं, फक्त दोन हात,
आणि प्रत्येक स्क्रू त्या हातांत
आपण होऊन येत होता.
माझ्याकडे एक टेस्टर.
वेळ पडली तर तोच हातोडा.

मजा आली, खोटं कशाला बोलू.
अठरा वर्षं घरात वावरलेल्या वस्तूचं
पोट पहिल्यांदा पाहत होतो:
तांब्याची वेटोळी, सांदीत हळद,
आणि एक मोहरी, शाबूत.
ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो,
संध्याकाळी हात धुवायचंही कारण नसतं.
इथे बोटं काळी झाली.

साडेबाराला सगळं जागच्या जागी.
पेपरवर एक स्क्रू उरला.
बटण फिरवलं.
आता मिक्सर
वेगळ्या तऱ्हेनं गप्प होता.

स्टेशन रोडला झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली
सेल्वमचा गाळा.
धारावीत वाढलेला, मराठी माझ्या मुलापेक्षा चांगलं.
त्यानं मिक्सर उचलून कानाशी हलवला,
आपण नारळ हलवतो तसा,
आणि विचारलं, "कोणी उघडला?"
"भाच्यानं."
त्यानं माझ्या नखांकडे पाहिलं.
"भाच्याला सांगा, खाली लाल बटण असतं.
लोड आला की उडतं. दाबायचं, झालं काम."
"मग आता दाबू?"
"आता नाही. आता ब्रश तिरका बसलाय,
आणि वायर चेपलीय. भाच्यानं."

आठ मिनिटं लागली. मी मोजली.
"किती?"
"बिघाडाचे काही नाहीत," तो म्हणाला,
"दुरुस्तीचे दोनशे."

दिले. घासाघीस केली नाही.
आठ मिनिटांचे दोनशे, हा हिशेब मला येतो.
पण हलवून ऐकायला
किती वर्षं लागली असतील,
ते कुठल्या रकान्यात मांडायचं?

निघताना खिशातला स्क्रू पुढे केला,
हा राहिला होता.
त्यानं ट्यूबलाइटखाली धरून आटे पाहिले.
"हा ह्याचा नाही."
"नाही कसा?"
"ह्याचे चारही आहेत. हा दुसऱ्याच कशाचा तरी."

चटणी दुपारी दोनला झाली.
खलबत्त्यातली तोवर संपली होती.
शलाकानं विचारलं, किती घेतले?
शंभर, मी म्हणालो.

स्क्रू आता खिडकीच्या कडेवर असतो.
पंखा फिरतोय. गिझर तापतोय.
कपाटाचं दार लागतंय, पलंग करकरत नाही.
तरी रात्री दिवे घालवल्यावर
मी कधी कधी कान देऊन पडतो
एकेका वस्तूकडे,
ह्याच्यावाचून निमूट चाललेली
आमच्यातली कुठली, ते कळावं म्हणून.